तुपाशी की उपाशी?

‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ या म्हणीत बाणा आहे खरा. पण उपास कोणाला घडतो, हे ती सांगत नाही. गडचिरोलीच्या खेड्यांत तो तान्ह्या बाळांना घडे. रुग्णालय दूर, डॉक्टर दुर्मिळ. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत थोडे शिकलेल्या बायकांना बाळ तोलणे, त्याला ऊब देणे, जंतुदोष ओळखणे, इंजेक्शन देणे शिकविले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. सगळी बाळे काही वाचली नाहीत. म्हणून वाचलेली कमी मोलाची का? पणतीने रात्र सरत नाही, उंबरठा मात्र दिसतो. माझ्या मते, अपुरेपण झाकू नये आणि त्याच्या निमित्ताने हातही आखडू नये. रुग्णालय मागत राहावे. तोवर बाळाला ऊब द्यावी.