पितृऋणाचा हिशेब

माझ्या एका स्नेह्यांनीं आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापावयास घेतला, तेव्हां खोट्या दस्तऐवजाबद्दल शिक्षा झालेल्या एका पूर्वजाचें नांव तेवढें ठेवून त्याची हकीकत गाळून टाकली. "घरच्या पुस्तकांत घरचीच निंदा कशाला?" असें त्यांचें म्हणणें. त्यावेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें तें सुचलें एका परदेशी वंशावळीवरून.

१६२० सालीं 'मेफ्लॉवर' या गलबतानें अटलांटिक ओलांडून अमेरिकेंत गेलेल्या माणसांच्या वंशजांची एक संस्था तेथें १८९७ पासून आहे. तींत प्रवेश हवा तर पिढीगणिक पुरावे पुढें करावे लागतात. त्या मूळ पुरुषांपैकीं जॉन ऑल्डन हा धर्मासाठीं देश सोडणाऱ्यांतला नव्हता. पिपें बांधणारा कारागीर म्हणून त्याला साउथॅम्प्टन बंदरीं मजुरीवर घेतलें होतें. बीर, पाणी, खारवलेलें मांस, सारें पिपांतच भरलेलें; तेव्हां असा माणूस गलबतावर अगत्याचा. पैलतीरीं राहावें कीं परतावें हें त्याच्याच मर्जीवर सोडलें होतें, असें वसाहतीचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड लिहून गेला आहे. पहिल्या हिवाळ्यांत १०२ उतारूंपैकीं सुमारें निम्मे दगावले. प्रिसिला मलिन्स या मुलीचे आई, बाप आणि भाऊ तिघेही गेले. १६२१ च्या वसंतांत गलबत परत फिरलें तेव्हां ऑल्डन मागें राहिला. पुढें त्यानें प्रिसिलेशीं लग्न केलें. कवि लाँगफेलो हा या दोघांचाच वंशज. त्यानें १८५८ सालीं त्यांच्या प्रेमावर काव्य रचलें आणि ऑल्डनचें नांव घरोघर झालें.

येथपर्यंत वंशजाची छाती फुगावी असेंच सारें आहे. परंतु दप्तर आणखी चाळावें, तों निराळा ऑल्डन दिसूं लागतो. १६५० नंतरच्या दशकांत प्लिमथ वसाहतीनें क्वेकर पंथीयांना दंड, फटके व हद्दपारी फर्माविणारे कायदे केले. ऑल्डन तेव्हां गव्हर्नरच्या साहाय्यकांपैकीं एक होता. जेम्स कडवर्थ यानें १६५८ सालच्या पत्रांत खेदानें लिहिलें, कीं ऑल्डन या कामीं पुढाकार घेत आहे आणि त्यानें पुष्कळांची निराशा केली आहे. कडवर्थनें स्वतः या छळास साथ दिली नाहीं आणि त्यापायीं आपला अधिकार गमावला. शिवाय ज्या पटक्सेट गांवाच्या जागेवर ही वसाहत बसली, तेथील मूळ रहिवासी थोड्याच वर्षांपूर्वीं सांथींत जवळजवळ निःशेष झाले होते. त्यांच्या वंशावळी कोणत्या कचेरींत पाहाव्या?

"त्यांच्या पापाशीं माझा काय संबंध?" असें वंशज विचारील. तें मला अर्धें मान्य आहे. मीं न केलेल्या कृत्याबद्दल मला दोषी ठरविणारा न्याय हा न्यायच नव्हे. पण मग पूर्वजाच्या धैर्याशीं तरी माझा संबंध कोणता? समुद्र त्यानें ओलांडला. मीं दाखले गोळा केले. दहा पिढ्या मागें जावें तर गणितानें प्रत्येकाच्या वांट्यास १,०२४ पूर्वज येतात. त्यांतून एकाचेंच नांव मिरवावयाचें, ही निवड आपली असते, आणि तींत पूर्वजापेक्षां आपणच अधिक उघडे पडतों.

पितरांविषयींच्या कर्तव्याला आपल्या शास्त्रकारांनीं 'ऋण' हा शब्द योजिला, अभिमान हा नव्हे. जो मिळकत घेतो त्याला तिच्यावरील बोजा नाकारतां येत नाहीं, हें आपण व्यवहारांतही मानतों. ऑल्डनचें नांव ज्यास घ्यावयाचें आहे त्यानें लाँगफेलोच्या काव्याशेजारीं कडवर्थचें पत्रही आपल्या वंशावळींत लावावें. माझ्या स्नेह्यांनाही मीं आतां हेंच सांगेन.

ऑल्डनचा मुलगा जॉन हा तर खराखुरा दर्यावर्दी, बोस्टनचा कप्तान. १६९२ सालीं सेलमच्या चेटूक-प्रकरणांत त्याच्यावरच आळ आला. पंधरा आठवडे तुरुंगांत काढून तो निसटला आणि पुढें निर्दोष सुटला. बाप १६८७ सालींच वारला होता. वंशावळींत दोघांचीं नांवें एकाखालीं एक येतात.