पँटेनसच्या आधी

बसायला शांत जागा शोधू नका. कामोठ्यात ती मिळणं कठीण. मानसरोवर स्टेशनात लोकल येत राहील, सायन-पनवेल रस्त्यावरचे ट्रक थांबणार नाहीत, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होतील. ते सगळं असू द्या. पाठ टेका, तळपाय फरशीला लागू द्या, हात मांडीवर ठेवा. श्वास आपोआप चालतो, त्याच्यावर पहारा नको.

आज एका माणसाच्या सोबतीने चालायचं आहे. त्याचं नाव पँटेनस. इसवी सन १८०च्या सुमाराला तो इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात ख्रिस्ती शिक्षणाची शाळा चालवत होता. मूळचा स्टोइक तत्त्वज्ञ, नंतर ख्रिस्ती झालेला. त्याचा शिष्य क्लेमेंट आपल्या एका गुरूला सिसिलीची मधमाशी म्हणतो, संदेष्ट्यांच्या आणि प्रेषितांच्या कुरणातली फुलं टिपणारी. तो गुरू पँटेनसच, असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात. एवढा नावाजलेला पंडित, पण त्याच्या हातचं एकही पुस्तक आज उरलेलं नाही.

उरली आहे ती एक हकिगत. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला युसेबियस नावाच्या इतिहासकाराने ती टिपली. पँटेनस हिंदुस्थानापर्यंत गेला असं सांगतात, असं तो लिहितो. तिथे त्याला ख्रिस्ताला आधीच ओळखणारे लोक भेटले. त्यांच्यापाशी मत्तयचं शुभवर्तमान होतं, हिब्रू अक्षरांत लिहिलेलं. बर्थलमय नावाचा प्रेषित ते त्यांच्याकडे ठेवून गेला होता.

पुढे जेरोम नावाच्या धर्मपंडिताने या हकिगतीला रंग चढवला. अलेक्झांड्रियाच्या बिशप दिमेत्रियसने पँटेनसला पाठवलं, ब्राह्मणांना आणि तत्त्वज्ञांना उपदेश करायला तो आला, जाताना तो ग्रंथ परत घेऊन गेला, वगैरे. मला युसेबियस अधिक भरवशाचा वाटतो. तो कमी सांगतो, आणि जे सांगतो ते ऐकीव आहे हे लपवत नाही.

हा हिंदुस्थान म्हणजे नेमका कुठला मुलूख, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्या काळी दक्षिण अरबस्तानलाही इंडिया म्हणत, इथिओपियालाही. ए. सी. पेरुमालिल यांच्यासारख्या इतिहासकारांनी मात्र बर्थलमयचं कार्यक्षेत्र कल्याणच्या परिसरात मानलं. सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी कल्लियाना इथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमून येतो असं नोंदवतो. ते गाव म्हणजे आपलं कल्याण, असं सहसा मानलं जातं. आजच्या बैठकीपुरतं आपण पेरुमालिल यांचा हात धरू. वाद सोडवायला आपण बसलेलो नाही.

आता पँटेनसबरोबर निघा. प्लिनी या रोमन लेखकाने त्याच्या शंभरेक वर्षं आधी या वाटेचे दिवस लिहून ठेवले आहेत. अलेक्झांड्रियाजवळून नाईल नदीत नाव घातली की वारा मागून असताना कॉप्टॉसपर्यंत १२ दिवस. तिथून उंटांच्या तांड्याबरोबर बेरेनिके बंदरापर्यंत आणखी १२. उन्हामुळे चाल बहुतेक रात्रीची, दिवसा मुक्कामावर पडून राहायचं. मग तांबड्या समुद्रातून अरबस्तानच्या टोकापर्यंत ३०. पुढे किनारा सोडून नैऋत्य मोसमी वाऱ्यावर खुला समुद्र. केरळातल्या मुझिरिसपर्यंत प्लिनी ४० दिवस धरतो. बेरीज करू नका. एकेका आकड्यापाशी दोन श्वास थांबा. नाव, उंट, नाव, आणि मग नुसतं पाणी.

इतक्या दिवसांत हा म्हातारा काय करत असेल? इथून पुढची कल्पना माझी आहे. तो मनातल्या मनात बोलत असेल. शिकवणाऱ्या माणसाची ती खोड असते. हिंदुस्थानातला विद्वान अमुक शंका काढेल, मी तमुक उत्तर देईन. ईश्वर एक आहे हे स्टोइक युक्तिवादाने कसं पटवायचं, पुनर्जन्माचा विषय निघाला तर कुठून सुरुवात करायची. अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभ दिसेनासा झाला तेव्हा डोक्यात चार मुद्दे होते, अरबस्तान मागे पडेपर्यंत त्याचे चाळीस झाले. तुमच्याही डोक्यात असे तयार मुद्दे असतील: घरच्यांना, हाताखालच्या माणसाला, सोसायटीच्या बैठकीत ऐकवायचे. त्यातला एखादा हळूच वर येऊ द्या. त्याच्याशी भांडू नका. तो नावेतच असू द्या.

जहाज मुंबईच्या बंदरात शिरतं. घारापुरीच्या किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत, तेव्हा अशी जहाजं इथे नवी नव्हती. कार्ल्याच्या चैत्याच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे परदेशी लोकांची, नावं दाते म्हणून कोरलेली आहेत. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची. परक्या चेहऱ्याचं कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. जहाज ठाण्याच्या खाडीकडे वळतं, आणि उजव्या हाताला दुसरं एक मुख दिसतं: पनवेलची खाडी. तिवरं, चिखल, ओहोटीला उघडा पडणारा काठ. आजचं कामोठं तिथून लांब नाही. म्हातारा तिकडे नजर टाकतो. त्याला तिथे पाहण्यासारखं काही दिसत नाही.

इथे थांबा. घाई करू नका.

कल्याणच्या एका ओट्यावर तो बसला आहे. दुभाष्याने त्याची ओळख करून दिली आहे. तो बोलायला सुरुवात करतो, आणि समोरचा माणूस मान डोलावतो. आश्चर्याची मान नाही ती. ठाऊक असलेलं ऐकताना डोलते तशी. मग तो आत जातो आणि फडक्यात गुंडाळलेली एक गुंडाळी आणून पुढ्यात ठेवतो. उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं. कुणीतरी वाचून दाखवतं. मत्तयचं पुस्तक उपदेशाने सुरू होत नाही, नावांनी सुरू होतं: अब्राहामापासून दाविदापर्यंत, दाविदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत, तिथून येशूपर्यंत, चौदा-चौदा पिढ्यांची यादी. इतक्या लांबून आलेल्या पंडिताला पहिली गोष्ट ऐकावी लागते ती म्हणजे आधी होऊन गेलेल्यांची नावं.

त्या क्षणी त्याच्या चाळीस मुद्द्यांचं काय झालं असेल? त्याच्या जागी बसून पाहा. छातीत कुठे आवळतं का? थोडा राग, थोडी फजिती? की हायसं वाटतं? जे वर येईल ते बघा, त्याला नाव देण्याची गरज नाही.

मला या हकिगतीत सर्वांत मोठी वाटते ती परतीची वाट. अलेक्झांड्रियात कुणी पडताळा घ्यायला येणार नव्हतं. हजारोंना दीक्षा दिली, राजे नमले, असं काहीही सांगता आलं असतं, आणि अशा दंतकथा त्या काळी भरपूर रचल्या गेल्या. पँटेनसच्या नावावर युसेबियसकडे पोहोचली ती अगदी उलटी गोष्ट: माझ्या आधी तिथे दुसरा कुणी जाऊन आला होता. प्रवासी पंडिताबद्दल याहून चांगलं काही सांगता येईल असं मला वाटत नाही. (त्याचा शिष्य क्लेमेंट हा बुद्धाचं नाव घेणारा पहिला ख्रिस्ती लेखक समजला जातो. ते गुरूकडून आलं असं मानायचा मोह होतो. पण अलेक्झांड्रियात हिंदी माणसंही असत, तेव्हा तो मोह आवरावा.)

ती हिब्रू अक्षरं डोळ्यांसमोर येत नसतील तर पनवेलला जा. तिथे बेने इस्रायल या ज्यू समाजाचं बेथ एल हे १८४९ सालचं सिनेगॉग आहे. हा पुरावा म्हणून सांगत नाही. तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी आणि म्हणून शनिवार तेली म्हणवली जाणारी ही माणसं पिढ्यान् पिढ्या इथे राहिली. पेणकर, रोहेकर, किहीमवरून केहीमकर अशी आडनावं लावून मराठी बोलली. पोहे, नारळ आणि गोडाचा मलिदा एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने वाटत राहिली. इंग्रजी राजवटीतले मिशनरी पादरी कोकणात बायबल घेऊन उतरले तेव्हा त्यातले अब्राहाम, मोशे, दावीद ही नावं या अंगणांत आधीपासून घेतली जात होती.

आता तुमच्याच फरशीवर या. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७०ची. त्यानंतर साताऱ्याहून, सांगलीहून, तळकोकणातून माणसं इथे घर करायला आली आणि पत्ता सांगताना सेक्टर सांगू लागली. गाव आपल्यापासून सुरू झालं असं वाटायला दोन पावसाळेही पुरतात. कामोठ्यातल्या कितीतरी इमारती साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. संपादित जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्याला मिळालेला तो वाटा. तो पदरात पडण्याआधी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे आगरी-कोळी गावं उभी राहिली, आणि जानेवारी १९८४मध्ये जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. फ्लॅटच्या करारनाम्यात यातलं काही लिहिलेलं नसतं.

तळपायाखालची फरशी जाणवू द्या. तिच्याखाली भराव, भरावाखाली कुणाचं तरी भातशेत किंवा खाजण. आपल्या रायगडात शेतांना नावं असतात, बांधालाही असतात.

डोळे उघडा. येत्या आठवड्यात कामोठे गावात किंवा शेजारच्या जुई गावात जा, एखाद्या आजोबांपाशी बसा आणि तुमची इमारत ज्या शेतावर उभी आहे त्याचं नाव विचारा. ते कळेपर्यंत आजचं मनन पुरं झालं असं समजू नका.