मोडलेला विक्रम आणि मनातला सल

वाचकांपुढे आज आम्ही एक प्रश्न ठेवतो. एखाद्याने उभे आयुष्य घाम गाळून एक उंची गाठली. पुढे वयोमानाप्रमाणे तो मैदानाबाहेर बसला. मग त्याच्या डोळ्यांदेखत दुसरा कोणी त्याहून वर चढला. त्या वेळी पहिल्याच्या मनात काय होते, आणि काय व्हावे? कीर्तनकाराला क्रिकेटशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. अहो, खेळ हे निमित्त. मन काय, सगळ्यांचे सारखेच!

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. त्यात विराट कोहली यांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले ५० वे शतक केले. त्याआधीचा ४९ शतकांचा विक्रम सचिन तेंडुलकर यांचा, मैदानही त्यांच्या घरचे, आणि ते स्वतः प्रेक्षकांत हजर! कोहलींनी त्यांच्या दिशेने वाकून प्रणाम केला, आणि तेंडुलकर टाळ्या वाजवीत होते.

असाच प्रसंग १९९४ साली वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटावर घडला. सर गारफिल्ड सोबर्स यांनी १९५८ साली कसोटीच्या एका डावात नाबाद ३६५ धावा केल्या होत्या. छत्तीस वर्षे तो आकडा कोणाला ओलांडता आला नव्हता. ब्रायन लारा यांनी तो ओलांडला, आणि त्या डावात ३७५ धावा केल्या. विक्रम मोडताच सोबर्स स्वतः मैदानात चालत गेले आणि त्यांनी लाराला मिठी मारली.

आपल्याकडचे सुनील गावसकर घ्या. तेंडुलकर चौदा वर्षांचे पोर असताना गावसकरांनी आपले वापरातले हलके पॅड त्यांना दिले. पुढे १० डिसेंबर २००५ रोजी दिल्लीत त्याच पोराने कसोटीतले ३५ वे शतक करून गावसकरांचा ३४ शतकांचा विक्रम मागे टाकला. आपल्याला ओलांडणाऱ्याच्या पायाला पॅड आपणच दिलेले! याहून गोड पराभव कोणता?

सर्वत्र जय इच्छावा, पण पुत्राकडून आणि शिष्याकडून हार व्हावी अशी इच्छा धरावी, असे आपल्याकडे जुने लोक सांगत आले. बोलणे उत्तम आहे. परंतु आमच्या मते ती सोपी पायरी झाली. पुत्राच्या आणि शिष्याच्या विजयात आपला वाटा असतो, म्हणजे तो आनंद काही अंशी आपलाच गौरव असतो. जो आपला कोणी लागत नाही, ज्याला आपण काही शिकवले नाही, त्याने ओलांडले तर? खरी परीक्षा तिथे आहे. सोबर्स बार्बाडोसचे, लारा त्रिनिदादचे. बेटे निराळी, पिढी निराळी. म्हणून ती मिठी आम्हांस मोठी वाटते.

आता कोणी विचारील की, जुन्यांनी तोंड मिटूनच बसायचे काय? काळ बदलला, साधने बदलली, हे खोटे आहे काय? मुळीच नाही. डॉन ब्रॅडमन यांची २९ शतके ५२ कसोटी सामन्यांत झाली. गावसकरांनी १९८३ साली मद्रासला ३० वे शतक करून तो विक्रम मोडला, तेव्हा त्यांचे नव्वदाहून अधिक सामने झाले होते. आकडा ओलांडला म्हणून माणूस ओलांडला असे होत नाही. हे सांगणे सत्यच आहे. पण सत्य कोणत्या वेळी, कोणासमोर आणि कशासाठी बोललो, हे पाहावे लागते. या ठिकाणी आम्हांस आमचीच गोष्ट सांगणे भाग आहे.

एका गावी सप्ताहात काल्याचे कीर्तन पुष्कळ वर्षे आमच्याकडे होते. एके वर्षी ते एका तरुण कीर्तनकाराला दिले. आम्ही श्रोत्यांत बसलो. मंडप भरून लोक बाहेर रस्त्यावर उभे होते. एवढी गर्दी आमच्या कीर्तनाला कधीच झाली नव्हती. उठताना एकाने विचारले, "महाराज, कसं झालं?" आम्ही म्हणालो, "आवाज गोड आहे हो, पण शास्त्राची बैठक कच्ची." ऐकणाऱ्याचा चेहरा उतरला, आणि आम्हांला बरे वाटले!

रात्री झोप लागेना. आम्ही बोललो ते खोटे नव्हते. एका वचनाचा अर्थ त्याने खरोखरच चुकीचा लावला होता. पण आम्ही ते त्याच्या सुधारणेसाठी बोललो नव्हतो, आमच्या समाधानासाठी बोललो होतो. मत्सर नेहमी खोटेच बोलतो असे नाही. पुष्कळदा तो खरे बोलतो, म्हणूनच ओळखू येत नाही.

मग मनात सल उठणे हेच पाप काय? आमचे मत तसे नाही. ठेच लागली की कळ येतेच. ती देहाची रीत. तसा हा अहंकाराच्या ठेचेचा सल. तो कोणाला चुकला असेल असे वाटत नाही. सोबर्स किंवा तेंडुलकर यांच्या अंतरात त्या क्षणी काय होते, हे आपण कसे सांगावे? आपण पाहिली ती मिठी आणि त्या टाळ्या. सल येणे आपल्या हाती नाही, पण हात पुढे करणे आपल्या हाती आहे. पतंजलींनी दुसऱ्याच्या पुण्याविषयी मुदिता धरावी असे सांगितले, ते अभ्यास म्हणून. आपोआप होणारे असते तर सांगावे कशाला लागले असते?

पुढल्या वर्षी त्याच गावी तो तरुण पुन्हा उभा राहिला. कीर्तन झाल्यावर चार लोकांत आम्ही त्याच्या गळ्यात हार घातला, आणि त्या वचनाचा अर्थ एकांतात त्याच्या कानात सांगितला. त्याने वाकून नमस्कार केला. आमचा सल गेला काय? पुरता गेला नाही. पण त्या रात्री झोप लागली.

सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत, हे आपण सर्व जाणतो. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहारा संपला म्हणून उतरणारा रडत नाही, कारण वीणा त्याची नव्हतीच. तेवढा वेळ ती त्याच्या गळ्यात होती, इतकेच. विक्रमाचेही तसेच समजावे.