कारण आणि सबब

माणसाच्या हातून घडलेल्या कृत्याचा खरा कर्ता कोण, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. इच्छा नसतानाही, कोणी बळाने ढकलावे तसा माणूस पाप करतो, तो कोणाच्या प्रेरणेने, असे अर्जुनाने कुरुक्षेत्रावर विचारले होते. योगायोग असा की, रक्तातून शरीरभर निरोप पोचवणाऱ्या द्रव्यांना १९०५ साली लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग या शास्त्रज्ञाने 'हॉर्मोन' हे नाव दिले, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थही 'प्रेरित करणे' असाच होता. मराठीतील 'संप्रेरक' हा शब्दही तोच अर्थ सांगतो.

नाव मिळण्यापूर्वीही या द्रव्यांचा प्रताप ठाऊक होता. १८४९ साली जर्मनीतील गटिंगन येथे आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढून पाहिले. कोंबडे वाढले, पण तुरा खुरटला, आरवणे नाही, झुंजणे नाही. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, ते मात्र नेहमीसारखे तुरेबाज आणि भांडखोर झाले. आपला शेतकरी बैल खच्ची करतो तो याच अनुभवाच्या आधारे.

मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात मेंदूतील अधश्चेतक इशारा देतो, पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि अंडाशय किंवा वृषण कामाला लागतात. भर वाढीच्या वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटीमीटरने उंचावतो. पुढे इस्ट्रोजेन हाडांच्या टोकांजवळील वाढीचा थर मिटवते आणि उंची थांबते. मुलांच्या शरीरातही ते टेस्टोस्टेरॉनपासून तयार होते. याच वयात रात्री झोप उशिरा येऊ लागते, म्हणून पहिल्या तासाला पेंगणारा प्रत्येक विद्यार्थी आळशी नसतो. भावना उसळवणारे मेंदूचे भाग लवकर जोर धरतात. तोल सांभाळणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो.

मग दोष कोणाचा? मुख्याध्यापकाच्या टेबलापुढे हा प्रश्न वारंवार येतो. मारामारी करणाऱ्या मुलाचे वडील म्हणतात, "सर, वयच तसं आहे, सोडून द्या." मार खाणाऱ्याचे वडील म्हणतात, "सर, त्याच्या हातात दाखला द्या आणि घालवा." पहिल्याला केवळ शरीर दिसते, दुसऱ्याला ते मुळीच दिसत नाही.

अशाच घरांत मुलगी वयात आली की न्याय पालटतो. तिने कोणाला मारलेले नसते, कोणाचे काही फोडलेले नसते. तरीही तिचे मैदान बंद होते, संध्याकाळची शिकवणी बंद होते, कधी शाळाही बंद होऊन सोयरिकीची बोलणी सुरू होतात. जी घटना मुलाला सबब पुरवते, तीच मुलीला शिक्षा ठरते. हे दोन वेगळे निकाल कोणत्याही ग्रंथीने दिलेले नाहीत. ते आपण दिलेले आहेत.

महाभारतातील अणिमांडव्य ऋषींना लहानपणी किड्यांना काडीने टोचल्याबद्दल सुळाची शिक्षा भोगावी लागली. त्यांनी यमधर्मालाच शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचे पाप लागू नये, अशी मर्यादा घालून दिली. आपला कायदाही ही रेघ मागेपुढे करीत आला आहे. १९८६ च्या कायद्यात बालपणाची मर्यादा मुलांसाठी १६ आणि मुलींसाठी १८ वर्षे होती. २००० च्या कायद्याने ती दोघांसाठी १८ केली. २०१५ च्या कायद्याने, १६ ते १८ वयाच्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल तर मंडळाने आधी त्याची समज पाहावी, असे ठरवले. रेघ कोठेतरी ओढावीच लागते. पण जबाबदारी एखाद्या वाढदिवशी अंगात संचारत नाही, ती हळूहळू मुरते.

आणि ती नुसत्या वयाने मुरत नाही. फिलिपाइन्समधील सेबू येथील तरुणांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बाप झाल्यावर त्यांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन घटले होते, आणि जे रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाला सांभाळत त्यांच्यात ते अधिकच कमी आढळले. हा दाखला शाळकरी मुलांना जसाच्या तसा लागू होणार नाही. परंतु संप्रेरके माणसाचे वागणे वळवतात तसे माणसाचे वागणेही संप्रेरकांना वळवते, एवढे त्यातून दिसते.

कारण समजले की पुढे काय करावे ते सुचते. सबब मिळाली की काही करण्याची गरजच उरत नाही. अर्जुनालाही श्रीकृष्णाने काम आणि क्रोध ही नावे सांगितली, पण तेवढ्यावर त्याला मोकळे सोडले नाही. इंद्रियांना आवर घाल, असे बजावले.

म्हणून मारामारी करणाऱ्या मुलाला दाखला देऊन घालवू नये आणि तसेच सोडूनही देऊ नये. ज्याला मारले त्याची त्याने समोर उभे राहून माफी मागावी, फुटलेल्या चष्म्याचे पैसे स्वतःच्या खाऊच्या पैशांतून फेडावेत आणि पाचवीच्या मुलांना कबड्डी शिकवण्याचे काम अंगावर घ्यावे. त्याच्या वयाच्या मुलीसाठी तर याहून सोपी गोष्ट करायची आहे. तिचे मैदान, तिची शिकवणी आणि तिची शाळा तिच्याकडे राहू द्यावी. वयात येणे हा गुन्हा नव्हे, हे तिला सांगण्याआधी घरातल्या मोठ्यांनी स्वतःला सांगितले पाहिजे.