मागे पडलेलं मूल आणि अडकलेलं मूल

‘असर’चा अहवाल प्रसिद्ध झाला की पुढचे आठ दिवस मराठी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर एकच वाक्य फिरत राहतं: पाचवीतल्या इतक्या टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. पण चावडीवर, एसटीच्या थांब्यावर, पालकांच्या बोलण्यात पोहोचेपर्यंत त्याचं दुसरंच वाक्य झालेलं असतं: आपली जिल्हा परिषदेची शाळा वाईट आहे. राज्यातल्या मुलांबद्दलचं विधान एका गावातल्या शाळेवरचा निवाडा कुठे झालं, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्यांनी ते लक्षात आणून द्यायला हवं, ते जाणकारही टक्के वाढले की घटले एवढ्याशीच झगडत राहतात. मला हे वाईट वाटतं, कारण या एका घसरणीवर शेकडो पालक मुलांचे दाखले काढून नेण्याचा निर्णय घेतात.

शाळेची पारख करण्याच्या बाकी रीतींबद्दल फार लिहिण्याची गरज मला वाटत नाही. रंगवलेल्या भिंती, डिजिटल फळा आणि परसबाग यांनी शाळा प्रसन्न होते. शिकण्याबद्दल त्यातून काही कळत नाही. पटसंख्या शाळेपेक्षा गावातल्या जन्मांबद्दल आणि फाट्यावर येणाऱ्या पिवळ्या बसबद्दल जास्त सांगते. शिष्यवृत्तीची यादी म्हणजे वर्गातल्या दोन-तीन मुलांची आणि त्यांच्यासाठी घेतलेल्या जादा तासांची हकीकत. ‘शाळासिद्धी’ची सात क्षेत्रं आणि ४६ मानकं शाळेने स्वतः भरायची असतात, त्यातून शाळेला स्वतःकडे पाहण्याची सवय लागली तर चांगलंच, पण परक्याने निवाडा करायला ती पुरत नाहीत.

वाचनाच्या टक्केवारीला मात्र असं एका ओळीत बाजूला सारता येत नाही. तिच्यामागे मोठं आणि प्रामाणिक काम आहे. २००५ साली ‘प्रथम’ या संस्थेने ‘असर’ हे सर्वेक्षण सुरू केलं तेव्हा सरकारी हिशेब पट, खोल्या, गणवेश आणि पोषण आहार यांच्यापलीकडे फारसा जात नव्हता. मुलाच्या घरी जायचं, त्याच्या शेजारी बसायचं, एक कागद पुढे ठेवायचा, त्यावर अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, आणि म्हणायचं, वाच. या कृतीने देशाला मुलांच्या शिकण्याकडे पाहायला लावलं, हे ऋण मी मनापासून मानतो. पण हे सर्वेक्षण शाळेत होत नाही, घरात होतं. जिल्ह्यातली ३० गावं आणि गावातली २० घरं असा त्याचा नमुना असतो. सरकारी शाळेतलं, खाजगी शाळेतलं, शाळेत न जाणारं, सगळी मुलं त्यात येतात. जिल्हा आणि राज्य यांच्याबद्दल बोलण्यासाठी ते घडवलं आहे. तुमच्या गावातली शाळा हा त्याचा विषय कधीच नव्हता.

यावर उत्तर येतं की मग तीच चाचणी शाळाशाळांत घ्या आणि प्रत्येक शाळेचा टक्का काढा. आपण तेही केलं. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’पासून ‘प्रगत शाळा’ हा शब्द रुळला, आता ‘निपुण’ आला आहे. मुलांना लवकर वाचता यावं या हेतूबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो टक्क्याला शाळेचा निवाडा मानण्याशी, आणि तो मी शेवटपर्यंत नेणार आहे.

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवरची शाळा डोळ्यांसमोर आणा. चौथीत अकरा मुलं. एक मूल म्हणजे नऊ टक्के. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयता निघतो, आईबापांबरोबर तीन मुलं कारखान्याच्या फडावर जातात आणि पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. चाचणी नोव्हेंबरात घेतली तर शाळा ‘प्रगत’, एप्रिलात घेतली तर नाही. गुरुजी तेच, पुस्तक तेच. हंगामी वसतिगृह चालवून शाळेने त्या तिघांना गावातच, आजीजवळ ठेवून घेतलं, तर नोव्हेंबरातला टक्का बहुधा उतरेलच, कारण ती मुलं आधीच्या दोन हंगामांत बुडालेली असतात. म्हणजे या शाळेने केलेलं सर्वांत चांगलं काम तिच्या आकड्यात उणं म्हणून दिसेल.

कुणी म्हणेल, पातळी मोजू नका, वाढ मोजा. जूनमध्ये कुठे होतं, एप्रिलमध्ये कुठे आलं. हे बरं आहे, आणि शहरातल्या मोठ्या शाळेत त्याचा काही उपयोगही होईल. अकरा मुलांच्या वर्गात मात्र दोन मुलं आली-गेली की वाढही आली-गेली. शिवाय शाळेत कोण उरलं हा प्रश्न आहेच. ज्यांना परवडतं ते आपलं मूल इंग्रजी शाळेत नेतात. उरलेल्या मुलांच्या घरात अभ्यास घेणारं कुणी असतंच असं नाही. त्या दोन शाळांचे टक्के शेजारी मांडणं म्हणजे घरांची तुलना करून तिला शाळांचं नाव देणं.

आणि आकड्यावर बक्षीस वा बदनामी ठरू लागली की शिकवणं आकड्याकडे वळतं, हे आपण पूर्वीही भोगलं आहे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी निकालावर अनुदान देण्याची पद्धत आणली. मॅथ्यू अर्नल्ड हा मोठा कवी तेव्हा शाळा निरीक्षक होता. मुलं पुस्तक पाठ करून ‘वाचतात’ ही तक्रार त्या काळातली आहे. मुंबई इलाख्यातही शाळांना अशी अनुदानं मिळत असत. ती पद्धत गेली, पण तिच्यामागची समजूत गेली नाही.

इथवरच्या हरकती तांत्रिक आहेत. नमुना सुधारता येईल, स्थलांतराची नोंद धरता येईल, परीक्षक बाहेरचे आणता येतील. समजा हे सगळं केलं आणि टक्का अगदी निर्दोष निघाला. तरीही शाळेबद्दल जे जाणून घ्यायला हवं ते त्यात सापडणार नाही.

तिसरीतल्या दोन मुलींना ५२ वजा २७ हे गणित घातलं. दोघींचं उत्तर ३५. दोघी चुकल्या. तपासणाऱ्याच्या कागदावर दोघींसमोर एकच खूण. आता दोघींना विचारा, कसं केलंस? पहिली म्हणते, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच उरले. पाचातून दोन, तीन. तिने स्वतःसाठी एक नियम केला आहे: मोठ्यातून लहान काढायचं, वर काय आणि खाली काय याला महत्त्व नाही. दुसरी म्हणते, दोनातून सात जात नाहीत, म्हणून हातचा घेतला, बारातून सात, पाच; पाचातून दोन, तीन. हिला हातचा कळला आहे. हातचा दिल्यावर दशकाच्या घरात एक कमी होतो, एवढंच राहिलं आहे. पहिलीला दशकाची मोळी सुटते ही गोष्टच अजून भेटलेली नाही. तिला काड्यांचे गठ्ठे हातात द्यायला हवेत, गठ्ठा सोडून दाखवायला हवा. दुसरीला पाचावर काट मारून वर चार लिहायची सवय लावली की बहुधा दोन दिवसांत जमेल. उत्तर एक, चूक एक, टक्क्यात दोघींचं स्थान एक. आणि दोघी वेगवेगळ्या ठिकाणी उभ्या आहेत.

या दोघींना ‘मागे’ म्हणणं आणि त्या ‘कुठे अडकल्या आहेत’ हे सांगणं, या दोन क्रियांमध्ये मी काटेकोर भेद करतो, आणि शाळेच्या गुणवत्तेचा सगळा प्रश्न मला अखेर या भेदाशी येऊन थांबलेला दिसतो. मागे पडणं हे इयत्तेच्या रेषेशी तुलना करून ठरतं. ते बाहेरून, मुलाशी न बोलता ठरवता येतं, त्याची बेरीज होते, त्याचा टक्का निघतो. अडकणं एकेका मुलाचं असतं. त्याला जागा असते, ‘इथे’ म्हणून बोट ठेवता येतं, आणि ते मुलाजवळ बसल्याशिवाय कळत नाही. त्याची बेरीज होत नाही. मागे पडलेल्या मुलासाठी आपण फक्त ‘जादा’ काहीतरी करतो: जादा तास, जादा वही, जादा ओरडा. अडकलेल्या मुलासाठी नेमकं काहीतरी करता येतं.

हा भेद उलट्या बाजूनेही लागू पडतो. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल मराठीचा उतारा धडाधडा वाचून दाखवतं. कागदावर ते पुढे आहे. पण ‘उतारा कशाबद्दल होता?’ असं त्याच्या भाषेत विचारलं तर ते गप्प होतं. ते पुढे असूनही अडकलेलं आहे, आणि वाचनाचा टक्का ते झाकून टाकतो. चांगल्या शाळेला हे ठाऊक असतं. ती त्या मुलाच्या वाचनावर खूश होऊन थांबत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला जे केलं ते मी याच नजरेने वाचतो. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, शिकत नाहीत, असं सगळेच म्हणत होते. त्यांनी पाहिलं की मुलं दिवसभर गुरांमागे असतात. बुद्धी अडकलेली नव्हती, वेळ अडकलेला होता. म्हणून त्यांनी शाळाच गुरांच्या चरणीवर नेली, तिला कुरणशाळा म्हटलं. मुलांच्या मागे पडण्याची यादी करणारे आणखी शंभर लोक येऊन कुरणशाळा सुचली नसती.

मग शाळेची पारख करायची कशी? माझं म्हणणं साधं आहे, फार साधं वाटेल अशी भीतीही आहे. पारखणाऱ्याने हजेरीपट हातात घ्यावा. कुठलीही चार-पाच नावं निवडावीत. नेहमी बोट वर करणाऱ्यांची नकोत. बाईंना किंवा गुरुजींना विचारावं: हे मूल आत्ता कुठे अडकलं आहे? तुम्ही काय करून पाहिलं? त्याने काय झालं? मग त्या मुलाजवळ बसून स्वतः पाहावं की गुरुजी म्हणतात ते खरं आहे का. ‘कच्चा आहे’, ‘लक्ष नसतं’, ‘घरचं वातावरण तसं आहे’ अशी उत्तरं आली, तर त्या शाळेचा टक्का नव्वद असला तरी ती मला काळजीची वाटेल. ‘जोडाक्षर आलं की थांबतो, र-काराचं जास्त, क्र आणि र्क यांत गोंधळतो, म्हणून गावातल्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या आहेत’ असं उत्तर आलं, तर टक्का चाळीस असला तरी ती शाळा चालू आहे, जिवंत आहे, असं मी म्हणेन.

याला अर्धा दिवस लागतो. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असेल तर दोनच शिक्षक, म्हणजे चार इयत्ता दोघांत. हे प्रश्न विचारताना एक वर्ग रिकामा राहणार, हेही मला कळतं. पण दहाएक शाळांमागे एक केंद्रप्रमुख ही रचना आपल्याकडे आहे, आणि ती माहिती गोळा करण्यासाठी केलेली नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात महात्मा फुल्यांनी तक्रार केली होती की शाळा तपासणारा डेप्युटी वर्षातून एकदा येऊन गेल्याने काही साधत नाही. निदान तिमाहीला तपासणी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ न कळवता यावं. त्यांचं मागणं फक्त धाकासाठी होतं असं मी मानत नाही. वर्षातून एकदा येणाऱ्याला मूल कुठे आहे एवढंच दिसेल. तीन महिन्यांनी पुन्हा येणाऱ्यालाच ते तिथून हललं का, हे पाहता येतं.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. अशी पारख व्यक्तीवर अवलंबून राहते, दोन शाळांची तुलना करू देत नाही, आणि मंत्रालयात पाठवता येत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. राज्याला आपली मुलं एकूण कुठे आहेत हे कळायला हवं, आणि त्यासाठी सर्वेक्षणं चालू राहावीत. ती बंद करा असं कुणी म्हटलं तर मी विरोध करेन. पण राज्याला लागणारी माहिती आणि शाळेवरचा निवाडा या एकाच मापाच्या दोन पट्ट्या नाहीत. तुलना करता येत नाही म्हणून पारख सोडून द्यायची, आणि तुलना करता येते म्हणून भलत्याच गोष्टीला गुणवत्ता म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट याच भेदातून निघते. गुरुजींना सगळ्या मुलांचं अडकणं तोंडपाठ असेल, पण लिहिलेलं कुठेच नसेल, तर ती गुरुजींची गुणवत्ता झाली, शाळेची नव्हे. उन्हाळ्यात बदलीचा आदेश येतो, आणि ते सारं ज्ञान मोटरसायकलवर बसून दुसऱ्या तालुक्यात जातं. नव्या बाईंना मिळतात ते दाखले, आधार क्रमांक, वजन-उंचीच्या नोंदी आणि टक्के. त्या पुन्हा पहिल्यापासून मुलांना ओळखू लागतात, आणि मुलांचे चार-सहा महिने त्यात जातात.

काही वर्षांपूर्वी एका वस्तीशाळेतलं जुनं शेरेबुक चाळायला मिळालं होतं. बहुतेक पानांवर तेच ते: परिसर स्वच्छ, दप्तर अद्ययावत, मुलांची प्रगती समाधानकारक. मधल्या एका पानावर एका विस्तार अधिकाऱ्यांचा बारीक अक्षरातला शेरा होता. तिसरीतल्या दोन मुलांची नावं, दोघंही शून्यातून वजाबाकी करताना थांबतात, गुरुजींनी गठ्ठे सोडून दाखवायला सुरुवात केली आहे, पुढच्या भेटीत पाहीन. मी पान उलटलं. अडीच महिन्यांनंतरची तारीख, तेच अक्षर, तीच दोन नावं. एकापुढे ‘जमते’ असं लिहिलं होतं. दुसऱ्यापुढे होतं, ‘गठ्ठ्यांनी जमते, वहीत नाही.’