किमतीवरचा कर आणि जबाबदारीची नोंद

खासगी मालकीच्या हौशी नौकांबाबत कोणत्याही सरकारच्या हाती दोन साधने असतात. एक कर, दुसरे सक्तीची नोंदणी. कर नौकेची किंमत पाहतो. नोंदणीला तिचा धनी हवा असतो. भारतातली चर्चा मात्र करावरच अडकून पडली आहे. यॉट आणि क्रीडा-विहाराच्या इतर नौकांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याआधी तो २८ टक्के आणि वर ३ टक्के उपकर असा होता. धनिकांनी तो भरलाच पाहिजे, असे एक बाजू म्हणते. किनाऱ्यावरचे पर्यटन यामुळे मागे पडेल, असे दुसरी. दोघींचीही नजर खरेदीच्या दिवसापुढे जात नाही. नौका त्यानंतर कित्येक दशके टिकते, या हातून त्या हाती विकली जाते आणि अखेर एखाद्या खाडीच्या चिखलात कलंडते. तेव्हा ती कोणाची, याचे उत्तर कराच्या टक्केवारीत सापडत नाही.

समुद्रावरच्या कागदाविषयीचा संशय जुना आहे, आणि तो अकारण नाही. पोर्तुगिजांचा कार्ताझ असो की आंग्र्यांचे दस्तक, परवाना, ओळख आणि वसुली एकाच कागदात बांधलेली होती. आजही नौकामालकांचा मुख्य आक्षेप तोच असतो: नोंदणी ही कराची पहिली पायरी आहे, आज क्रमांक मागतील, उद्या पैसे. अशी नोंदवही टिकतेच असेही नाही: स्वीडनने १९८०च्या दशकाच्या अखेरीस हौशी नौकांची सक्तीची नोंदवही सुरू केली आणि काही वर्षांतच ती बंद केली. नोंदणी म्हणजे कराची पायरी, या मताचे खंडन नीट व्हायला हवे, कारण नोंदणीच्या वाटेत सर्वांत मोठी अडचण हेच मत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, कर लावू पाहणारे सरकार नोंदवहीची वाट पाहत बसत नाही. भारतातला ४० टक्के कर विक्रेत्याकडून वसूल होतो. त्यासाठी मालकांची यादी लागत नाही. डेन्मार्कने हौशी नौकांच्या विम्यावर कर बसवला आणि तो विमा कंपन्यांमार्फत गोळा केला. इटलीत मारिओ मोंती यांच्या सरकारने २०११च्या अखेरीस दहा मीटरहून लांब नौकांवर कर आणला, तोही आधी पाण्यात उभे राहण्याच्या दिवसांवर मोजायचा असे ठरले होते. तो पुढे मालकीवर आला, पण तोवर अनेक नौका कॉर्सिका आणि क्रोएशियाच्या बंदरांत निघून गेल्या होत्या. सवलती वाढत गेल्या आणि २०१६पासून तो कर उरला नाही.

दुसरी गोष्ट, या दोन साधनांचे आयुष्यही एक नाही. अमेरिकेत १९५८च्या कायद्याने यांत्रिक बोटींना राज्यांमार्फत क्रमांक देण्याची व्यवस्था बसवली. १९७१च्या कायद्यानंतर उत्पादकाने प्रत्येक सांगाड्यावर ओळख क्रमांक कोरणे बंधनकारक झाले. ही व्यवस्था आजही चालू आहे. याच देशाने १९९१मध्ये एक लाख डॉलरहून महाग नौकांच्या वरच्या किमतीवर दहा टक्के चैनकर लावला. तेव्हा मंदी होती हे खरे, पण कारागिरांच्या नोकऱ्या गेल्याचा ठपका करावरही आला आणि १९९३मध्ये तो रद्द झाला. कर गेला, क्रमांक राहिले. नोंदणी कराची पायरी असती, तर कर गेल्यावर तिला काही काम उरले नसते.

नोंदणीने किनारा सुरक्षित होतो, हा सरकारी युक्तिवाद मात्र एका वाक्यात बाजूला ठेवण्याजोगा आहे: २६/११च्या हल्लेखोरांनी पळवलेली ‘कुबेर’ ही पोरबंदरची नोंदणीकृत मासेमारी नौकाच होती. त्या हल्ल्यानंतर क्रमांक, रंगसंकेत आणि बायोमेट्रिक ओळखपत्रांचा भार आधी नाखवा आणि खलाशी यांच्यावर पडला. पोटासाठी समुद्रात जाणाऱ्याने प्रत्येक फळीचा हिशेब द्यायचा आणि हौसेसाठी जाणाऱ्याकडे सैल नजरेने पाहायचे, हे न्याय्य नाही.

नोंदणीचे खरे काम हरिहरेश्वरला दिसले. १८ ऑगस्ट २०२२ रोजी तिथे ‘लेडी हान’ ही यॉट निर्मनुष्य अवस्थेत लागली आणि तिच्यात एके-४७ रायफली सापडल्या. रायगड जिल्हा हादरला. पण ती एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची आहे, मस्कतहून युरोपकडे निघाली होती आणि इंजिन बिघडल्यावर तिच्यावरच्या लोकांची जूनमध्येच सुटका झाली होती, ही माहिती त्याच दिवशी विधिमंडळात देता आली. नोंदीने नौकेला भरकटण्यापासून रोखले नाही, तिच्याकडून पैसाही मिळवला नाही. कागदावर धनी ठरलेला असला, की निर्मनुष्य नौकेबद्दलही उत्तर मिळते.

म्हणून मालमत्तेची नोंद आणि जबाबदारीची नोंद यांत फरक केला पाहिजे. मालमत्तेची किंमत वर्षागणिक उतरते. जबाबदारी उतरत नाही, उलट वाढते. जुना लाकडी मचवा मोडला की त्याचे सरपण होत असे. काचतंतूंचा सांगाडा कुजत नाही, आणि त्यातली राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. फ्रान्सच्या जुन्या वार्षिक नौकाकरात दहा वर्षांनंतर ३३ टक्के, वीस वर्षांनंतर ५५ टक्के आणि पंचवीस वर्षांनंतर ८० टक्के सूट होती. नौका लोकांना जड होऊ लागते नेमकी तेव्हाच ती कराच्या नजरेतून जवळजवळ नाहीशी होत असे. ही उणीव फ्रान्सने वेगळ्या वाटेने भरली. २०१९पासून तिथे नोंदणीकृत हौशी नौका मोडीत काढण्याचे पैसे मालकाला द्यावे लागत नाहीत. त्याने ती केंद्रापर्यंत पोचवायची. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने नोंदणी शुल्कावर थोडासा अधिभार ठेवून बेवारस नौका हटवण्याचा निधी उभा केला.

भारतीय कायदा अर्ध्या वाटेवर थांबलेला आहे. १९१७च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने देशांतर्गत पाण्यातल्या यांत्रिक नौकांची नोंदणी सक्तीची केली आणि मध्यवर्ती माहितीसाठ्याची तरतूद केली. समुद्रावरच्या लहान नौकांसाठी मात्र १९५८च्या व्यापारी नौवहन कायद्यात सवलत होती: पंधरा टनांपर्यंतच्या, केवळ भारताच्या किनाऱ्यालगत चालणाऱ्या नौकांना नोंदणी माफ. तो कायदा बदलण्याचे पाऊल २०२५मध्ये उचलले गेले; नव्या कायद्याखालच्या नियमांत ही सैल जागा पुन्हा राहू नये. मांडव्याला लागणाऱ्या खासगी स्पीडबोटीलाही मासेमारी नौकेइतकाच ठळक क्रमांक असावा. प्रत्येक विक्रीबरोबर नोंद बदलावी, आणि नौका मोडीत काढल्याचा दाखला मिळेपर्यंत शेवटच्या धन्याचे नाव नोंदीतून उतरू नये. कर ४० टक्के ठेवायचा की कमी करायचा, हे त्यानंतर ठरवता येईल.