इस्त्री झाली, पण तक्त्याचं काय?

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥

आजचं वाचन : दासबोध, दशक १४, समास ६ (चातुर्यलक्षण)

मित्रांनो, हा समास मी याआधी चार-पाच वेळा तरी वाचला असेल. पण मागच्या शुक्रवारी रात्री तो मला पहिल्यांदा लागला. ठेच लागते ना, तसा.

शनिवारी सांगलीला एका चर्चासत्रात मी आयुष्यातला पहिला शोधनिबंध सादर करणार होते. वेळ १० मिनिटं. विषय वाळवा तालुक्यातल्या क्षारपड जमिनी. तयारी तीन आठवडे चालली होती. आज खरं सांगते, त्यातला निम्मा वेळ कपड्यांवर गेला. साडी नेसावी की पंजाबी ड्रेस? वर ब्लेझर घालावा का? साताऱ्यात राजपथावर दोन संध्याकाळी फिरले. शेवटी मैत्रिणीचा काळा ब्लेझर मागून आणला आणि आरशासमोर उभी राहून ‘आदरणीय अध्यक्ष महोदय’ म्हणायची तालीम केली. मनात एकच भीती होती, मी तिथे गावाकडची वाटायला नको.

रात्री ड्रेसला इस्त्री करत होते तेव्हा आईने विचारलं, “ड्रेसचं झालं गं, पण बोलणार काय, त्याचं झालं का?”

“झालंय गं आई,” मी म्हटलं.

झालं नव्हतं. मी मातीचे २४ नमुने घेतले होते. त्यातले २१ माझ्या निष्कर्षाला अगदी फिट बसत होते. उरलेले तीन अशा शेतांतले, जिथे जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घातलेत. तिथे क्षार उतरायला हवे होते. पण विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात, आणि ते तिन्ही आकडे ४ च्या वर होते. मी ते तीन नमुने आलेखातून गुपचूप काढून टाकले. स्लाइडवर संख्या मात्र २४ च ठेवली. आलेख कसा सुंदर दिसत होता!

झोपायच्या आधी नेहमीप्रमाणे दासबोध उघडला, तर नेमका हाच समास. समर्थ म्हणतात, जन्माने मिळालेलं रूप अभ्यास करून बदलत नाही. पण बाहेरून मिळवता येतात असे गुण आहेत, त्यांची तरी कास धरावी. मग ते सरळ एक प्रश्न टाकतात. वस्त्राने शरीर सजतं आणि चातुर्याने अंतर सजतं, तर या दोन्हींत थोर कोण, तुम्हीच बघा. उत्तर ऐकणाऱ्याने स्वतःच द्यायचं आहे. माझ्या एका हाताला इस्त्री केलेला ड्रेस होता आणि दुसऱ्या हाताला तो खोटा आलेख. उत्तर देताना मला लाज वाटली.

आता कोणी म्हणेल, मग काय, समर्थांना गबाळं राहणं आवडतं? मुळीच नाही. दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात, मूर्खलक्षणांत, दात, डोळे, नाक, हात, पाय आणि कपडे ज्याचे कायम मळलेले, त्यालाही त्यांनी मूर्खच म्हटलंय. त्याच दशकाच्या शेवटच्या समासात ‘पढतमूर्ख’ भेटतो, म्हणजे शिकलेला असूनही मूर्ख. पहिल्या यादीत आपण नाही म्हणून मी खूश होते. दुसऱ्या यादीत मात्र मी इस्त्रीच्या ड्रेससकट बसत होते.

अजून एक सांगते. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनावर आहे. अक्षर मोकळं आणि ठसठशीत असावं, ओळी सरळ असाव्यात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं एकाच लेखणीने लिहिल्यासारखं वाटावं. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहील. म्हणजे नीटनेटकेपणा हवाच, पण तो कशासाठी? आतलं अक्षर वाचावं म्हणून. तुमची स्लाइड, तुमचा शर्ट, तुमचा बायोडेटा, सगळ्यांना हेच लागू. समास सोडायचा तो मजकूर जपायला. मी समास सजवत होते आणि मजकूरच खोडत होते.

माझ्या विषयातलाच एक दृष्टांत देते. उसाला पाणी भरमसाट दिलं आणि त्याला निचरा नसला, तर जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते. पाणी उन्हाने उडून जातं, मीठ मागे राहतं. रानावर पांढरा थर दिसतो. लांबून पाहणाऱ्याला तो छानही वाटेल, पण तिथे पीक येत नाही. आपल्या मनाचं असंच आहे. ‘लोक काय म्हणतील’ हे पाणी सतत भरत राहिलो आणि खरं बोलायची वाट बुजवली, की वर नुसता थर चमकतो. निचरा म्हणजे कबुली. तिला जमिनीखालून का होईना, वाट काढून द्यावी लागते.

रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडला आणि ते तीन नमुने परत घातले. आलेख बिघडला. खाली लिहिलं, ‘या तीन ठिकाणी अपेक्षित परिणाम दिसला नाही, कारण अजून स्पष्ट नाही.’

पहाटेच्या एसटीने निघाले. ब्लेझर घरीच राहिला. मुद्दाम नव्हे हं, गडबडीत विसरले! गाडी पेठ नाक्यावरून आष्ट्याकडे वळली तेव्हा बह्याच्या मारुतीला मनातूनच हात जोडले. समर्थांनी स्थापन केलेल्या ११ मारुतींपैकी हा एक, कृष्णेच्या पात्रातल्या बेटावरचा. नमुने घेताना तिथे दर्शन घेतलं होतं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला दिसते तीच कृष्णा पुढे सांगलीला भेटते. मला उगाचच धीर आला.

सादरीकरण बरं झालं. दोनदा अडखळले. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी बोट ठेवलं ते नेमकं त्या तीन ठिपक्यांवर. “पाइपांची तोंडं गाळाने बुजलीत का, पाहिलं?” मी म्हटलं, “नाही सर, पाहिलं नाही. जाऊन बघते.” ते म्हणाले, “बघा, आणि मला कळवा.” बक्षीस मिळालं नाही. निष्कर्ष कच्चा आहे, असा शेराही मिळाला, आणि तो खरा होता. पण परतीच्या गाडीत मला शांत झोप लागली. तीन आठवड्यांत तशी लागली नव्हती.

रात्री आईने विचारलं, “ड्रेस कसा दिसला?” मी म्हटलं, “कुणी पाहिलाच नाही गं!” आणि आम्ही दोघी हसलो.

आजचा अभ्यास : तुमचा इंटरव्ह्यू असेल, व्हायवा असेल, ऑफिसातलं पहिलं प्रेझेंटेशन असेल, तर कपडे आदल्या दिवशी संध्याकाळीच स्वच्छ धुऊन, इस्त्री करून ठेवा आणि तो विषय तिथेच संपवा. मग पाच मिनिटं डोळे मिटून स्वतःला विचारा, ‘मी आलेखातून काय काढून टाकलंय?’ जे सापडेल ते परत घाला. बाकीचं समर्थांवर सोपवा.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥